एका घंटीला दोन दोऱ्या

सकाळ कोरड्या, ठणठणीत थंडीची होती. ऊन खिडकीपाशी आलं होतं खरं, पण नव्या पाहुण्यासारखं उंबऱ्यातच घुटमळत होतं. अंगाला काही लागत नव्हतं. अशा हवेत लोकरीच्या घरात राहायचं म्हणजे विजेशी संसार. गोधडी झटकली की तडतड, स्वेटर डोक्यावरून काढला की केस ताठ उभे, आणि दाराच्या कडीला हात लावला की इंगळी डसल्यासारखा चटका. म्हणून चिमटीचा दिवस नळापासून सुरू व्हायचा. तोंड धुवायला नळाशी सगळेच जातात. ही मात्र कामाला बसण्याआधी पुन्हा एकदा जायची आणि नळाला नुसता हात लावून यायची. अंगातली वीज लोखंडातून जमिनीत उतरली की मगच कॉम्प्युटरच्या कार्डाला बोट. एकदा विसरली होती, तर एक धडधाकट कार्ड तिच्या बोटाखालीच राम म्हणून मोकळं झालं होतं. तेव्हापासून एक वेळ चहा चुकेल, पण नळ चुकायचा नाही.

चिमटी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंबाड्यात कायम एक बारीक टोकाचा चिमटा खोचलेला, आणि जिभेलाही तसंच टोक. त्यामुळे गिऱ्हाइकांनीच ते नाव पाडलं. तिच्या वडिलांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. इतर पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही उघड्या पेटीसमोर मांडी ठोकून बसायची. पुढे पुढे नव्या मशीनींत सगळं एकाच पाटीवर चिकटवून यायला लागलं आणि वेगळी कार्डं खोचायचे दिवस सरले. पण जुन्या पेट्या काही सगळ्यांनी फेकल्या नव्हत्या. छापखान्यात एक, वजनकाट्यावर एक, दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे एक, अशा त्या टिकून होत्या. त्यांच्या पोटातलं कार्ड रुसलं की सगळ्यांचे पाय चिमटीच्या दाराकडे वळत.

त्या सकाळी छापखान्यातलं कार्ड तिच्या हातात होतं. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. ते दात खाचेत नीट बसले तरच आतलं बोलणं चालतं. दातांवर मळ चढला होता. ती शाळेतल्या पोरासारखं खोडरबर घेऊन दात घासत होती, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. घासून झालेलेच दात ती पुन्हा घासत होती.

कारण दुपारी भंगारवाला यायचा होता. आणि तो थोरलीला न्यायला यायचा होता.

थोरली म्हणजे कुणी माणूस नव्हे. घरामागच्या शेडमधलं कॉम्प्युटरवर चालणारं विणकामाचं मशीन. एका खाटेएवढं लांब, वर सुयांची रांग, आणि त्या रांगेवरून इकडून तिकडे पळणारी लोखंडी गाडी. गाडी एकदा या टोकाहून त्या टोकाला गेली की स्वेटरची एक ओळ विणून झाली. चिमटीचे सासरे ते चालवायचे. शेडमध्ये एके काळी हाताने चालवायच्या मशीनींची रांगच होती, दर मशीनवर एक बाई, आणि सगळ्यांचा मिळून फिटर एकच: सासरे. आता बाया गेल्या, मशीनी गेल्या, थोरली तेवढी उरली. आणि आज तीही चालली होती.

सासऱ्यांनी हे महिन्याभरापूर्वी एकदम जाहीर केलं. जेवता जेवता. जणू मीठ मागावं तसं.

"थोरली म्हातारी झाली. ओळी गाळते. भंगारवाल्याला बोलावलंय."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "अहो, आणि मग तुम्ही करणार काय दिवसभर?"

"बागेत बाक आहेत की."

"बाकावर बसून कबुतरं मोजणार? मला ओळखता का तुम्ही? दोन दिवसांत मीच तुम्हाला भंगारात घालीन!"

सगळे हसले, सासरेही हसले. पण चिमटीला ते हसू खरं वाटलं नाही. दात हसत होते, डोळे कुठे तरी भलतीकडेच होते.

थोरली ओळी गाळत होती, हे खोटं नव्हतं. पानाफुलांची छान नक्षी चाललेली असायची आणि मध्येच भोक. किंवा गाडी टोकाला जाऊन उभीच, जशी काही बस चुकली. चिमटीने काय नाही केलं? कार्डाचे दात घासले, वायर बदलली, पंख्यातून मूठभर लोकरीचं तूस काढलं, कार्ड एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. आणि गंमत अशी, की ती समोर उभी असली की थोरली गरीब गाय. एक टाका चुकायची नाही. चिमटी दुपारभर स्टूल टाकून बसायची, मशीन खटर्र खट, खटर्र खट, सुतासारखं सरळ. ती पाठ वळवून घरात गेली की तासाभरात सासऱ्यांचा चेहरा उतरलेला.

"सुनेला भिते ती," सासूबाई म्हणायच्या. "या घरात कुणी तरी भितंय सुनेला, बरं वाटलं."

"आई, मी काय वाघीण आहे का?"

"वाघीण परवडली. ती डोक्यात चिमटा खोचून फिरत नाही."

आता या शेडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. सासरे फिटर होते तेव्हा त्यांच्या कामाच्या टेबलावर, डोक्याच्या वर, एक दांडी होती आणि दांडीला घंट्या टांगलेल्या. एक पितळेची, एक सायकलची, एक डब्याचं झाकण, एक घुंगरांचा झुबका, असं काहीबाही. प्रत्येक घंटीची दोरी छताखालून एकेका मशीनपर्यंत गेलेली. मशीनींच्या खडखडाटात हाक कोण ऐकणार? बाईची सुई मोडली की तिने आपली दोरी ओढायची. सासरे आपलं काम करत बसलेले असायचे. घंटी वाजली की हातातलं काम जिथे आलं तिथे खडूची खूण करायची, उठायचं, जिची घंटी तिच्याकडे जायचं, आणि परत येऊन खुणेपासून पुढे. मान वर करून बघायचीही गरज नाही. आवाजावरून माणूस कळायचं.

थोरली नवी आली तेव्हा सासरे तिच्या कॉम्प्युटरकडे परक्या जावयाकडे बघावं तसं बघायचे, दुरून आणि आदराने. चिमटी तेव्हा नवी नवरी. तिने पेटीचं झाकण उघडलं आणि आतलं दाखवलं.

"हे डोकं. प्रोसेसर म्हणतात. आणि हे खाचेत उभं आहे ते विणकामाचं कार्ड. मशीनच्या वायरी याला येतात. मशीन काय म्हणतंय ते हे कार्ड डोक्याला सांगतं."

"सांगतं म्हणजे कसं? त्याला तोंड ना जीभ."

"मामंजी, तुमच्या बाया कशा सांगायच्या?"

सासऱ्यांनी वर घंट्यांकडे पाहिलं.

"बघा, प्रोसेसर म्हणजे तुम्ही. सतत कामात. आता तुम्ही दर घटकेला उठून प्रत्येकीला विचारत फिरलात, 'काही अडलंय का गं? तुझं काही अडलंय का?' तर दिवस विचारण्यातच जायचा. म्हणून प्रत्येक कार्डाला एक तार दिलेली असते. गाडी ओळीच्या टोकाला पोचली की कार्ड तारेला झटका देतं: 'पोचले, पुढची ओळ सांगा.' प्रोसेसर हातातल्या कामावर खूण करतो, इकडे बघतो, पुढची ओळ देतो, आणि परत जाऊन खुणेपासून सुरू."

"खडूने?"

"खडू नसतो हो, पण खूण करतो खरंच."

सासरे खूश झाले. मग फिटरच्या डोक्यातला पुढचा प्रश्न आलाच. "ठीक. आणि मलाच एखादीला काही सांगायचं असलं तर?"

"तेव्हा तुम्ही काय करायचा?"

"मी बसल्या जागेवरून ओरडायचो. 'तिसरी! दोरा बदल!'"

"ऐकायच्या किती जणी?"

"सगळ्याच. पण हलायची तिसरीच."

"मग झालं तर! सगळ्या खाचांपुढून एकच बोळ जातो. प्रोसेसर बोळात नंबर पुकारतो. ऐकतात सगळी कार्डं, ज्याचा नंबर तेच पुढे होतं."

"आणि समजा, दोघींना एकच घंटी दिली तर?"

चिमटी हसली. "मग काय! तुम्ही एकीकडे जाणार आणि दुसरी बोंबलत बसणार. असं कुणी अडाणीच करील."

हे वाक्य तिचं स्वतःचं. ते कुणी विसरू नये. तीच विसरली होती.

एवढं झाल्यावर सासरे थोरलीशी असे रुळले, की गल्लीत कुणी थांबलं तर त्याला बोळ, नंबर, घंटी, खडू सगळं समजावून सांगायचे. ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. त्याच मायेपोटी चिमटीने मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक भेट दिली होती. शेडच्या माळ्यावर तिला एक कॅसेट सापडली. एका जुन्या संमेलनात कुणीतरी भरलेली, आणि तिच्यात सासूबाईंचं गाणं. विशीतल्या सासूबाई, कोवळा, जरा घाबरलेला, पण लख्ख आवाज. चिमटीने ते गाणं थोरलीच्याच कॉम्प्युटरमध्ये भरलं, पेटीत एक जुनं साउंड कार्ड खोचलं, वर दोन छोटे स्पीकर ठेवले, आणि सासऱ्यांना म्हणाली, "काम करताना ऐकत जा. आईंना सांगू नका, नाही तर स्पीकर विहिरीत जातील."

सासऱ्यांनी नाक शिंकरलं होतं, एवढंच.

तर त्या सकाळी चिमटी पुढच्या खोलीत छापखान्याच्या कार्डाचे दात घासत होती, सासरे शेडमध्ये थोरलीला अखेरचं तेलपाणी करत होते, आणि सासूबाई मागच्या अंगणात लोकर धूत होत्या. बाया गेल्या तरी घंट्या गेल्या नव्हत्या. घरच्यांनी त्या वाटून घेतल्या होत्या. सायकलची घंटी चिमटीची, तिची दोरी पुढच्या खोलीत. डब्याचं झाकण सासूबाईंचं, त्यांची दोरी अंगणात.

छापखानेवाल्याने दारातूनच विचारलं, "झालं का हो? आणि काका दिसले नाहीत. येताय का म्हणावं चहाला." चिमटीने दोरी ओढली. शेडमध्ये सायकलची घंटी वाजली, ट्रिंग ट्रिंग. सासरे हात पुसत आले. छापखानेवाल्याशी दोन शब्द बोलले. तो "दुपारी येतो" म्हणून गेला, सासरे परत शेडकडे वळले. तोच पुन्हा ट्रिंग ट्रिंग. ते परत फिरून पुढच्या खोलीत.

"काय गं सूनबाई?"

"काही नाही. मी कुठे बोलावलं?"

ते गेले. परत ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. परत आले. आता चेहरा कावराबावरा.

"मामंजी, मी दोरीला हातसुद्धा लावला नाही."

एवढ्यात अंगणातून जो आवाज उठला त्याला घंटीची गरज नव्हती.

"अहो! ऐकू येतंय का, की कानात लोकर भरलीय? ओलं घमेलं उचलायला कधीची बोलावतेय! माझे हात तुटले, पाणी घरात शिरलं, आणि हा माणूस सुनेकडे चकरा मारतोय!"

दोघं धावले. अंगणात पाण्याचा लोट, त्यात लोकरीची लडी बदकासारखी तरंगत चाललेली, आणि सासूबाई पदर खोचून एका हाताने घमेलं आणि दुसऱ्या हाताने दोरी धरून उभ्या. चिमटीला हसू आवरेना. पण सासऱ्यांकडे बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले होते.

"बघ," ते हळूच म्हणाले. "बघितलंस ना? घंटी वाजली, आणि ती कुणाची तेही कळलं नाही मला. आयुष्यभर आवाजावरून माणूस ओळखलं मी. गेलं डोकं माझं."

"अहो, काहीतरीच काय?" सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"काहीतरी नाही. थोरली ओळ गाळत नाही गं. ओळ मी गाळतो. माझं लक्ष राहत नाही. मशीनच्या नावावर खपवलं, दुसरं काय. तिला भंगारात घालायचं म्हणजे मलाच..." पुढचं त्यांनी गिळलं.

तेव्हा कुठे चिमटीला कळलं, की महिनाभर त्या जेवणाच्या ताटावरून नेमकं काय उठून गेलं होतं. मशीन म्हातारं झाल्याचं दुःख नव्हतंच ते. माणूस मनातल्या मनात स्वतःलाच मोडीत काढून बसला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

तिला काही सुचेना, म्हणून ती नेहमी करायची तेच करायला लागली. बिघाड शोधायला. सासूबाईंच्या हातातल्या दोरीमागे तिची नजर गेली. दोरी अंगणातून भिंतीच्या भोकातून आत, आत छताखालून, आणि तिथे...

"आई, तुमची दोरी तर झाकणाला जायची ना?"

"जायची. उंदरांनी कुरतडली. परवा मी स्टुलावर चढून जवळच्या दोरीला गाठ मारली. काम होण्याशी मतलब."

"जवळची म्हणजे सायकलवाली! माझी!"

"मग? तुझी दोरी काय सोन्याची आहे?"

चिमटी वळली. "मामंजी, तुमचं डोकं ठणठणीत आहे. सायकलची घंटी वाजली, तुम्ही सायकलवालीकडे आलात. बरोब्बर आलात! चूक तुमची नाही, दोरीची आहे. एका घंटीला दोन दोऱ्या..."

आणि ती तशीच, तोंड उघडं ठेवून उभी राहिली. एका घंटीला दोन दोऱ्या. असं कुणी अडाणीच करील.

"मामंजी," ती सावकाश म्हणाली, "थोरली ओळ गाळते तेव्हा नेमकं काय चालू असतं?"

सासरे उठून पाण्यातली लडी उचलायला लागले.

"सांगा ना."

त्यांनी बायकोकडे चोरटी नजर टाकली. कान लाल झाले. सत्तरीतल्या माणसाचे कान असे लाल झालेले चिमटीने पहिल्यांदाच पाहिले. "ते... ते आपलं, तू दिलंस ते. गाणं. ते लागलं की मी रमतो जरा. आणि तेवढ्यात ओळ जाते. म्हणून तर म्हणतो, लक्ष राहत नाही."

"आणि मी आले की?"

"तू आलीस की बंद करतो. लाज वाटते मला."

"कसलं गाणं?" सासूबाई म्हणाल्या. "कुणाचं गाणं?"

पण चिमटी तिथे होतीच कुठे? ती शेडकडे पळत सुटली होती. वाटेत नळापाशी थांबली, नळाला हात लावला, आणि पुन्हा पळाली.

तिने पेटी उघडली नाही आधी. आधी थोरली सुरू केली. खटर्र खट, खटर्र खट, गरीब गाय. "मामंजी, हात मागे बांधून उभे राहा. कशालाही शिवू नका. आता चुकली तर तुमच्यावर येणार नाही." आणि तिने गाणं लावलं, अगदी हळू आवाजात. गाडी दोन वेळा आली, गेली. तिसऱ्यांदा टोकाला पोचली आणि उभी. बस चुकल्यासारखी.

गाणं बंद. थोडं ढकललं, गाडी चालू. गाणं सुरू. भोक.

सासरे डोळे फाडून बघत होते. हात अजून मागेच बांधलेले.

मग तिने वीज बंद करून झाकण काढलं. अंबाड्यातून चिमटा उपसला आणि दोन्ही कार्डं खिडकीतल्या उजेडात धरली. जुन्या कार्डांवर काट्यांची छोटी रांग असते; कुठल्या काट्यावर इवलीशी टोपी बसवली, त्यावरून कार्ड कुठल्या तारेवर झटका देणार ते ठरतं. विणकामाच्या कार्डाची टोपी पाच नंबरवर. ती तिनेच हलवली होती, काही वर्षांपूर्वी, नक्षी छापायचा प्रिंटर जोडला तेव्हा. सातवी तार प्रिंटरला लागते म्हणून. हलवली आणि विसरली. आणि साउंड कार्डाची टोपी? तीही पाचावर. आलं तेव्हापासून. बसवलं तेव्हा गाणं वाजलं, सगळे खूश, दुसऱ्या कार्डाकडे बघतो कोण?

"दुसऱ्यांच्या घरी हीच चूक सापडली असती तर मी हसून मेले असते," ती म्हणाली. "मामंजी, दोघी एकाच तारेवर झटके देत होत्या. गाणं चालू असलं की साउंड कार्ड सारखं हाक मारतं, 'पुढचा तुकडा द्या, पुढचा तुकडा द्या.' त्या गलबल्यात थोरली म्हणते, 'अहो, मी टोकाला पोचले.' तार एकच. प्रोसेसर आपला गाणारणीकडे चकरा मारतोय. आणि थोरली घमेलं धरून अंगणात उभी!"

सासऱ्यांनी मागे बांधलेले हात सोडले. मग ते हसायला लागले. आधी पोटात, मग खांद्यांत, मग असे मोठ्याने, की छताखालची घुंगरं हलली असावीत.

"म्हणजे माझं लक्ष..."

"तुमचं लक्ष जिथे होतं तिथे अगदी योग्य होतं. अडाणी मी निघाले."

"अडाणी तर अडाणी," ते डोळे पुसत म्हणाले. "मला चालेल! दोघी अडाणी निघालात, दोरीवाली आणि टोपीवाली, मला दोन्ही चालतात!"

चिमट्याने साउंड कार्डाची टोपी उचलून तिने दहा नंबरवर बसवली. ती तार मोकळी होती. कार्डं परत खाचांत बसवली. कॉम्प्युटरलाही तेच सांगितलं, म्हणजे गाण्याची हाक दहावरून येईल हे त्याला कळावं. झाकण लावलं. थोरली सुरू. खटर्र खट. मग गाणं. या वेळी आवाज पुरता मोठा.

नेमका तेव्हाच भंगारवाला हातगाडी दारात लावून आत आला, खांद्यावर पहार. आणि त्याच्यामागून सासूबाई, पदर अजून खोचलेला, पावलं ओली.

शेडभर विशीतला आवाज घुमत होता. कोवळा, लख्ख. खाली मशीनचा ठेका, खटर्र खट, खटर्र खट, जणू मुद्दाम धरला होता.

"ही कोण भवानी किंचाळतेय?" सासूबाई म्हणाल्या.

सासरे सुयांकडे बघत होते, अतिशय लक्षपूर्वक.

सासूबाईंनी आणखी एक ओळ ऐकली. मग त्यांचा हात नकळत खोचलेल्या पदराकडे गेला, पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला. "हे... हे तर..." आणि मग एकदम, "शी! किती वरचा सूर लावलाय! दुसऱ्या कडव्यात तर श्वासच पुरला नव्हता, सगळ्यांनी ऐकलं होतं!"

"मला नाही ऐकू आलं तसं," सासरे म्हणाले. "तेव्हाही नाही, आताही नाही."

"तुम्हाला काय कळतं? फिटर तुम्ही!"

"फिटर म्हणूनच सांगतो. आवाजावरून माणूस ओळखतो मी."

भंगारवाल्याने पहार भिंतीला टेकवली. तोही मान डोलवत होता. मग त्याने ओळ उचलली आणि खुशाल गायला लागला, इतका बेसूर की सासूबाईंनीच त्याला थांबवून चाल सांगितली. चाल सांगता सांगता दुसरं कडवं आलं. या वेळी श्वास पुरला. गाडी टोकाला पोचली, वळली, परत आली. एक टाका गळला नाही. पानामागून पान, फुलामागून फूल उतरत होतं.

गाणं संपल्यावर भंगारवाला भानावर आला. "काका, मग न्यायचं ते मशीन कुठलं?"

"कसलं मशीन?"

"अहो, थोरली का कोण..."

"थोरली?" सासरे खवळलेच. "कामावरच्या बाईला न्यायला आलास? लाज नाही वाटत? ते बघ, कोपऱ्यात गंजक्या चौकटी आहेत, त्या ने. आणि जाताना डोक्याचं माप देऊन जा. या थंडीत कानटोपीसुद्धा नाही घातलीस?"

भंगारवाल्याने चौकटी गाडीवर चढवल्या आणि माप द्यायला दोरा गुंडाळून घेत निमूट उभा राहिला. सासूबाईंनी फर्मावलं, की त्यांची दोरी आजच्या आज झाकणाला परत गेली पाहिजे, आणि त्या सायकलवालीच्या दोरीला आता मरेपर्यंत हात लावणार नाहीत. सासरे स्टूल घेऊन गाठ सोडायला निघालेही. निघण्याआधी मात्र त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि थोरलीच्या पत्र्यावर एक रेघ मारली.

"आता ही कशाला?" चिमटीने विचारलं. "गाडी आपोआप चालतेय की."

"असू दे. कुठवर आलो होतो ते कळावं."

मागे सासूबाईंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत, इकडेतिकडे बघून: "अगं सूनबाई... ते परत कसं लावायचं असतं?"

चिमटीने दाखवलं. मग ती पुढच्या खोलीत आली. टेबलावर छापखान्याचं कार्ड तसंच पडलेलं, दात अर्धे घासलेले, अर्धे काळे. छापखानेवाला आता येईलच. ती बसली, उठली, नळापाशी जाऊन हात लावून आली, आणि खोडरबर उचललं.